दूध पाजणारे गुरुजी

गुरुजी,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि माझा राग काही उतरत नाही.

लातूरला तुमची शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान खाली घालून बसून राहिले. माझ्या आधी सात जण बोलले आणि सातही जण दुधाबद्दल बोलले. पत्र्याच्या शेडातल्या शाळेत तुम्ही स्वतः चूल पेटवून पोरांना दूध कसं पाजायचात, पोरं कशी धट्टीकट्टी झाली, वगैरे. आपल्या वर्गातला तो उंच मुलगा, आता पोलिसात आहे, तो तर म्हणाला की छाती मोजायच्या वेळी मला गुरुजींचं दूध आठवलं. लोक हसले, मग रडले. शेवटी माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं जाहीर झालं की तुमच्या स्मरणार्थ आपल्या शाळेत रोज प्रत्येक मुलाला एक पेला दूध. सक्तीनं. 'गुरुजींच्या शिस्तीत' असा शब्द वापरला. आणि पहिला पेला माझ्या हातून द्यायचा, कारण मी तुमची सगळ्यात शिकलेली विद्यार्थिनी.

मी चप्पल घालून बाहेर आले. पायऱ्यांवर उभी राहिले. सात जणांमधल्या एकालाही ती शनिवारची कवायत आठवली नव्हती. सातातले चौघे त्याच रांगेत उभे होते.

मला आठवते. तुम्हालाही आठवत होती, पण तुम्ही कधी बोलला नाहीत. म्हणून आज मी बोलते, तुम्हाला मधे बोलता येणार नाही तरी.

मी चौथीत होते. भूकंपानंतर किल्लारीच्या आसपासची सगळी गावं पत्र्यात राहत होती, तशी आपली शाळाही. कुठूनशी दूधपावडरीची पोती आली आणि तुम्ही ती शाळेच्या मागं रचून ठेवलीत. रोज सकाळी पोरं यायच्या आधी तुम्ही तीन दगडांवर मोठं पातेलं चढवायचात. पाणी खळखळून उकळल्याशिवाय पावडरीला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. पेले तुम्ही स्वतः गरम पाण्यातून काढायचात. एवढं सोवळं तर आमच्या घरच्या देवालाही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात माझं पोट बिघडलं. गुडगुड, कळा, मग धावाधाव. आई शाळेत आली. पदर सावरत दाराशीच उभी राहिली.

"गुरुजी, पोरीला दूध सोसत न्हाई. घरी बी ती ताकच पेती. तिला तेवढं वगळा."

"सोसत न्हाई म्हणजे सवय न्हाई," तुम्ही म्हणालात. "आठ दिवसांत होती सवय."

"आन न्हाई झाली तर?"

"माझ्यावर सोडा. दुधानं कुणाचं वाईट होत न्हाई."

आई निघून आली. तुमच्यापुढं बोलायची तिची काय टाप होती? घरी येऊन म्हणाली, गुरुजींना कळतं ते आपल्याला कळत न्हाई, दमानं पेत जा.

मी दमानं ओतून द्यायला लागले. चुलीच्या पलीकडं, राखेत. त्या शनिवारी तुम्ही मला पकडलंत. सगळ्या शाळेसमोर उभं केलंत आणि एक नाही, दोन पेले दिलेत.

"पी. एक थेंब राहता कामा नये. लोकांच्या लेकरांना मिळत न्हाई आणि तू राखेत ओतून राहिलीस."

मी प्याले. मग कवायत होती. हात वर, हात बाजूला. तिसऱ्या की चौथ्या प्रकाराला पोटात कळ आली. मी करंगळी वर केली. तुम्ही म्हणालात, "कवायत संपू दे." मी परत करंगळी वर केली. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि मग जे व्हायचं ते रांगेतच झालं, गुरुजी. पांढऱ्या मोज्यांत, चाळीस पोरांच्या मधे. मागच्या पोरी बाजूला सरकल्या. कुणीतरी नाक धरलं. सोमवारपासून माझं नाव पडलं, नासकी. दूध नासतं तशी. सातवीपर्यंत मला आपल्या गावात सुरेखा म्हणून हाक मारणारी फक्त माझी आई होती.

त्या दिवशी दुपारी तुम्ही आमच्या शेडात आलात. आईला विचारलंत, किती वेळा झालं? पाण्यासारखं होतं का? डोळे आत गेलेत का? मीठ-साखरेचं पाणी स्वतः ढवळून चमच्यानं पाजत बसलात. तुमचा चेहरा पांढरा पडला होता आणि चमचा माझ्या दाताला लागत होता. मला वाटलं, गुरुजींना पश्चात्ताप झाला. नऊ वर्षांच्या पोरीला तेवढ्यावरही बरं वाटलं असतं. पण सोमवारी तुम्ही मला परत पेला दिलात. अर्धा.

त्या अर्ध्या पेल्याचा राग मी तीस वर्षं सांभाळलाय. पूर्ण पेला अडाणीपणातून आला होता, हे मी समजू शकते. अर्धा पेला कुठून आला होता? मला त्रास होतो हे तुम्हाला कळलं होतं, म्हणूनच तो अर्धा झाला ना?

आणि तुमचा नुसता राग तरी कसा करावा, हेच कळत नाही. दहावीनंतर बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी शाळा आवरती घ्यायचं ठरवलं होतं. तुम्ही आमच्या ओट्यावर दोन तास बसलात. बापू म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं कशाला. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "हिला सायन्स झेपतं. ज्याला झेपतं त्याला ते न देणं पाप हाय." दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दोन अनोळखी माणसांच्या मधे मला बसवून तुम्ही लातूरला नेलंत. तुम्ही स्वतः मागं लोंबकळत उभे होतात. कॉलेजात फॉर्म तुम्ही भरलात, कारण माझा हात घामानं ओला झाला होता. आज मी नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पोरांपुढं उभी राहून उत्क्रांती समजावते, ती त्या जीपमुळं. हे मी विसरलेले नाही. पण ज्याला झेपतं त्याला द्यावं हे कळणाऱ्या माणसाला, ज्याला झेपत नाही त्याला देऊ नये, हे का कळू नये?

विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडले की तुम्ही नांदेडला माझ्याकडं यायचात. पाणी बघायला. तासभर नुसतं पाणी बघत उभे राहायचात आणि मग घरी येऊन माझ्याशी भांडायचात. आपली भांडणं चांगली असायची. चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला पहिल्यांदा हाडांचं सांगितलं.

"हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून आता डीएनए काढता येतो गुरुजी. त्यावरून कळतं, त्या माणसाला मोठेपणी दूध पचत होतं की नाही."

"हाडातनं दूध कळतं?"

"दूध नाही कळत. पचवायची सोय होती का, ते कळतं. तान्हं लेकरू असतं तेव्हा सगळ्यांच्या पोटात दुधातली साखर फोडणारं विकर असतं. लेकरू मोठं होतं तसं बहुतेकांचं ते बंद पडतं. निसर्गाचा हिशेब सरळ होता, आईचं दूध सुटलं की काम संपलं. काही माणसांत मात्र डीएनएमधलं एक अक्षर बदललं आणि ते विकर जन्मभर चालू राहिलं. त्यांना दूध पचतं. आपल्याकडं बहुतेक मोठ्या माणसांना पचत नाही. उत्तरेत जास्त जणांना पचतं, दक्षिणेकडं येऊ तसं कमी."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. शिक्षकाला नवीन काही कळलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी तुमच्याकडूनच बघितलंय.

"पण गाई-म्हशी तर माणसानं कवाच पाळल्या."

"तेच तर. युरोपातल्या जुन्या मडक्यांना दुधाची चरबी चिकटलेली सापडते. म्हणजे माणसं दूध वापरत होती. पण त्याच काळातली हाडं बघितली तर ते बदललेलं अक्षर जवळजवळ कुणातच नाही. हजारो वर्षं माणसं न पचणारं दूध कसंतरी निभावून नेत होती. दही करून, ताक करून."

"म्हंजे तुझी आई बरोबर हुती म्हण."

एवढं म्हणालात आणि हसलात. मी तिथंच धरलं. म्हटलं, मग 'त्या शनिवारी माझं चुकलं' एवढं म्हणा की. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मोठी झालीस ना? हाडं भक्कम हायत ना?" दर वर्षी मी विचारायचे आणि दर वर्षी तुमचं हेच उत्तर. एका वर्षी मी तुमच्यापुढचं ताट आपटलं होतं. तुम्ही ते उचललंत, नळाखाली धुतलंत आणि जाऊन टीव्ही लावलात.

मग गेल्या महिन्यात ते व्याख्यान. लातूरला तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळात तुम्हीच ठरवलंत. विषयही तुमचाच, 'दूध आणि माणूस'. तुम्ही उभं राहून माझी ओळख करून दिलीत. "ही माझी विद्यार्थिनी," एवढंच म्हणालात आणि आवाज भरून आला म्हणून खाली बसलात. मला ते दिसलं. तरी मी ठरवून आलेले तेच केलं.

मी त्या शनिवारची गोष्ट सांगितली. तुमचं नाव घेतलं नाही, पण समोरच्या साठ माणसांपैकी निम्म्यांना तुमचं दूध माहीत होतं. लोक हळूच तुमच्याकडं बघून हसायला लागले. तुम्हीही हसलात. मग मी हाडांचं सांगितलं, मडक्यांचं सांगितलं. आणि शेवटी तो प्रश्न, की हजारो वर्षं निभावून नेल्यावर मग ते अक्षर इतक्या झपाट्यानं का पसरलं. म्हटलं, एरवी दूध न पचलं तर पोट दुखतं, जुलाब होतात, माणूस मरत नाही. पण दुष्काळ पडला, साथ आली, शरीर आधीच खंगलेलं असलं, की तेच जुलाब जीव घेतात. ज्यांना पचत होतं ते तगले. बाकीचे गेले.

शास्त्रज्ञ हे एक मत म्हणून मांडतात. त्यावर अजून वाद आहेत. मला हे माहीत होतं. वर्गात शिकवताना मी पोरांना बजावून सांगते, 'असं एक म्हणणं आहे' हे लिहायला विसरू नका. त्या दिवशी मी ते विसरले नव्हते, मी ते गाळलं. कारण सभागृह गप्प झालं होतं आणि मला ते आवडलं होतं.

तुम्ही हात वर केलात. वर्गातल्या पोरासारखा.

"मॅडम, एक शंका हाय. दुष्काळात, पोटात अन्न न्हाई, आणि अशा वक्ताला कुणी दूध पाजलं. तर?"

मला वाटलं, हा मला टाकलेला चेंडू आहे. मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तर ते दूध नसतं गुरुजी, विष असतं. पाजणाऱ्याला मात्र जन्मभर वाटत राहतं की आपण उपकार केले."

टाळ्या पडल्या. तुम्ही "बरं" म्हणालात आणि हात खाली घेतलात. चहाला थांबला नाहीत. मी दुपारच्या बसनं नांदेडला आले आणि रस्ताभर मला इतकं हलकं वाटत होतं, की अहमदपूरला उतरून मी भजी खाल्ली. तीस वर्षांनी मी जिंकले होते.

चार दिवसांनी तुमचा फोन आला. आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत, कॉलेजच्या परीक्षांची केलीत. मग परत गुडघ्यांकडं आलात.

"आणखी काय गुरुजी?"

"काय न्हाई. तू त्या दिवशी बरोबर बोललीस. चुकलंच ते."

एवढंच. मी फोन ठेवला आणि रडले. मला वाटलं, माझी माफी मागितलीत. त्या रविवारी मी नवऱ्याला, मुलीला हसत हसत सांगितलं, गुरुजी अखेर 'चुकलं' म्हणाले. घरात गोड केलं. गुरुजी, मी गोड केलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी अंघोळीला गेलात ते तिथंच कोसळलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं, रक्तदाब होता, गोळ्या तुम्ही मनानंच बंद करायचात. माझ्या त्या उत्तरानं तुम्ही गेलात असं मी म्हणणार नाही. ज्याचा पुरावा नाही ते बोलायचं नाही, हे यापुढं तरी मी पाळणार आहे.

शोकसभेतून उठून मी तुमच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या, बाकी सगळे सभेला. मी त्यांना पायरीवरूनच सांगितलं की मी बोलले नाही आणि मला बोलायचंही नव्हतं. त्यांनी मला आत घेतलं, चहा ठेवला. कोरा. दूध नव्हतं त्यात.

"त्यांनी बंद केलं हुतं," काकू म्हणाल्या. "तुझं भाषण झालं त्या दिवसापासनं. चहात न्हाई, भातावर न्हाई. मग मी बी घरात घेणं सोडलं."

मला वाटलं, ही काहीतरी म्हातारपणाची नाराजी. मग काकूंनी कप खाली ठेवला.

"सुरेखा, एक विचारू? दुधानं खरंच लेकरू मरतं का गं?"

आणि त्यांनी मला छबूचं सांगितलं.

तुम्हाला एक बहीण होती, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या मुलालाही माहीत नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ. तुमचे आईवडील खडी फोडायच्या कामावर जायचे आणि तुम्ही, अकरा वर्षांचे, चार वर्षांच्या छबूला सांभाळत घरी. कुठल्याशा केंद्रावर दूधपावडर मिळायची. तुम्ही मैलभर चालत जाऊन ती आणायचात. विहीर आटलेली, तळाचं गढूळ पाणी चिंधीतून गाळून त्यात पावडर कालवायचात. स्वतःच्या वाटणीचंही तिलाच द्यायचात. तिला ते आवडायचं. ओठांवर मिशी काढून दाखवायची. मग तिला जुलाब लागले. तुम्ही आणखी दूध पाजलंत, ताकद यावी म्हणून. तीन दिवसांत गेली. आईवडील कामावरून येईपर्यंत तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसला होतात.

"जन्मभर म्हणायचे, मला उशीर झाला," काकू सांगत होत्या. "म्हणायचे, दूध आधी मिळालं असतं, जास्त मिळालं असतं तर पोरगी जगली असती. म्हणून तर शाळेत ते सगळं. आणि तुझ्या भाषणावरनं आले ते कपडे न बदलता बसून राहिले. म्हणाले, उशीर न्हाई झाला. मीच पाजून मारली तिला."

मी काकूंना सांगितलं. जे मला पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सांगता येतं ते सांगितलं. चार वर्षांच्या लेकराच्या पोटात ते विकर बहुधा शाबूत असतं. ते बंद पडायला लागतं ते पुढं, कुणाचं पाचव्या वर्षी, कुणाचं सातव्या, आठव्या. छबूला ते दूध आवडत होतं, ती आनंदानं पीत होती, आधी किती दिवस तिला काही झालं नव्हतं. खराब पाण्यातून पोटाचा आजार झाला असणार. एकदा आतडं सोललं गेलं की कुणालाही दूध काही दिवस नीट पचत नाही, तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यानं जुलाब वाढलेही असतील. पण आजार दुधानं आणला नाही. भुकेनं आणि त्या विहिरीनं आणला. एवढ्या वर्षांनी शपथेवर कुणीच सांगू शकत नाही. पण मला वर्गात कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देईन.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन हे त्यांना का न्हाई सांगितलंस?"

"त्यांनी मला छबूचं कधी सांगितलंच नाही काकू. विचारलंही नाही."

"विचारलं हुतं की. सगळ्यांसमोर हात वर करून विचारलं हुतं. मी बायकांच्या रांगेत बसले हुते."

गुरुजी, मी कप उचलला आणि तो कोरा चहा संपवला.

शिक्षक असून मी तुम्हाला उलट एक प्रश्न विचारला नाही. कुणाला पाजलं? केवढं होतं लेकरू? वर्गातल्या कुठल्याही पोरानं शंका काढली तर मी आधी हेच विचारते. तुम्हीच शिकवलंय ते, की शंका नीट समजून घेतल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पण त्या दिवशी मला उत्तर द्यायचंच नव्हतं, मला परतफेड करायची होती.

हा माझा वाटा. आता तुमचा ऐका.

एवढी मोठी गोष्ट तुम्ही पोटात ठेवलीत आणि तिच्या जिवावर चाळीस पोरांच्या घशात दूध ओतलंत. त्यातल्या एका पोरीच्या पोटाला ते चालत नव्हतं आणि ती तुम्हाला करंगळी वर करून सांगत होती. तुम्हाला मी दिसलेच नाही. तुम्हाला छबू दिसत होती. मला त्या शनिवारी दुपारी तुम्ही एवढंच सांगितलं असतं, की माझी एक बहीण होती, तर मी नऊ वर्षांची होते तरी मला समजलं असतं. मी तुमचा तिरस्कार केला नसता. तीस वर्षं फुकट भांडले नसते तुमच्याशी. विष्णुपुरीच्या पाण्याकडं बघत तुम्ही तासभर उभे राहायचात आणि मी शेजारी उभी राहून घड्याळ बघायचे. तेव्हा सांगायचं. जेवताना सांगायचं. मी ताट आपटलं तेव्हा सांगायचं.

आणि एक. पाणी खळखळून उकळल्याशिवाय तुम्ही पावडरीला हात लावत नव्हता. म्हणजे तुम्हाला कुठंतरी ठाऊक होतं ना, दोष कशात होता ते? छबू गेल्यावर अकरा वर्षांच्या पोरानं स्वतःच्या अकलेनं जे शोधून काढलं होतं, ते माझ्या एका टाळ्याखाऊ वाक्यापुढं तुम्ही टाकून दिलंत. का? मी शिकलेली म्हणून? मला शिकवलं कुणी होतं? जन्मभर पोरांना सांगितलंत, वाटलं तर मास्तरलाही विचारा, पुरावा मागा. माझ्याकडं का नाही मागितला? एवढा का विश्वास ठेवलात माझ्यावर? सगळ्यात जास्त राग मला याचा येतो.

परवा मी पुन्हा लातूरला गेले. दूध योजनेची बैठक होती, त्याच मंडळात, त्याच सभागृहात. काकूंना विचारून गेले. त्या म्हणाल्या, सांग सगळं, आता कुणापासनं लपवायचं. त्या स्वतः आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

आधी मी योजनेचं बोलले. सक्ती नाही. ज्याला दूध सोसत नाही त्याला ताक किंवा दही, किंवा अंडं, किंवा शेंगदाण्याची चिक्की, त्याच्या घरी विचारून. आणि कुणा पोरानं जायला परवानगी मागितली तर त्याला जाऊ द्यायचं. उंच पोलीसवाला म्हणाला, "मॅडम, गुरुजींची शिस्त अशी ढिली केली तर त्यात गुरुजींचं काय राहिलं?" मी त्याला विचारलं, त्या शनिवारी तू कुठल्या रांगेत होतास? तो खाली बसला. थोड्या वेळानं स्वतःच उठून म्हणाला, ताकाचं मी बघतो.

मग मी छबूचं सांगितलं. गेल्या महिन्यात इथंच उभं राहून मी एका प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं, हेही सांगितलं. खरं उत्तर काय होतं ते सावकाश, एकेक करून सांगितलं, काय माहीत आहे आणि काय माहीत नाही ते वेगवेगळं करून. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

तुमच्याबरोबर लातूरजवळच्या मुरुडला नोकरी केलेले एक वयस्क गुरुजी मागच्या रांगेतून उठले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मला एकच सांग पोरी, म्हंजे समजंल. आमच्या मास्तरचं दूध पाजणं चुकलं का न्हाई?"

मी म्हणाले, "माझ्या बाबतीत चुकलं. छबूच्या बाबतीत नाही."

ही दोन्ही वाक्यं तुम्हाला ऐकवायची होती, गुरुजी. त्यातलं दुसरं आधी.